कुणाची कोण?

आमच्या आत्याला जगात कुणीही परकं चालत नाही. रिक्षावाला असो, दाताचा डॉक्टर असो, नाहीतर नळ दुरुस्त करायला आलेला माणूस. तो कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी साडू असतोच. फक्त त्याचं त्याला ते ठाऊक नसतं. ते त्याला सांगायचं काम आत्याने गेली पन्नास वर्षं विनामोबदला केलेलं आहे.

अशी एक बाई प्रत्येक मराठी घराण्यात असते. लग्नाच्या कार्यालयात ती स्टेजवर नसते आणि पंगतीतही नसते. ती दाराजवळच्या खुर्चीत असते, आणि आत शिरणारा प्रत्येक जण तिच्या जकातनाक्यावरून पुढे जातो. "हा निळ्या शर्टातला कोण गं?" असं कुणी विचारायचा अवकाश. "विट्याच्या वन्संच्या धाकट्या जावेचा मधला. मिरजेला बँकेत असतो. त्याच्या बायकोची मावशी म्हणजे आपल्या आक्काची विहीण." सांगणारीला दम लागत नाही, ऐकणाऱ्याला लागतो. निळ्या शर्टातला मात्र दुसऱ्याच कार्यालयातल्या लग्नाला आलेला असतो आणि चुकून आत शिरलेला असतो. पण आत्याने एकदा नातं सांगितलं की तो जेवूनच जातो.

आत्याची रीत ठरलेली. प्रश्न तीनच. गाव कुठलं, आडनाव काय आणि आजोळ कुठलं. गावाने तालुका सापडतो, आडनावाने गल्ली, आणि आजोळ निघालं की माणूस जाळ्यात. मुंबईहून मिरजेला जाताना महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये कल्याण येईतो समोरच्या प्रवाशाचं गाव निघतं, बदलापूरला आडनाव, आणि कर्जतला घाटासाठी गाडीला मागून इंजिन जोडतात तोवर आत्याने आजोळ जोडलेलं असतं. पुढे तो प्रवासी "मावशी, तुम्ही खाली झोपा" म्हणून आपण होऊन वर चढतो. रेल्वेने आत्याला खालचा बर्थ कधी दिलेला नाही. तो तिला नेहमी नात्यात मिळालेला आहे.

१९६७ साली स्टॅन्ली मिलग्रॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. नेब्रास्कात राहणाऱ्या माणसांना त्याने पाकिटं दिली आणि सांगितलं, बॉस्टनला काम करणाऱ्या अमुक एका शेअरदलालाकडे ही पोचवा, पण फक्त ओळखीच्या माणसाच्या हाती देत देत. जी पाकिटं पोचली ती साधारण पाच-सहा हातांतून गेली, आणि तेव्हापासून जगातली कुठलीही दोन माणसं सहा पायऱ्यांवर असतात असं म्हणायची पद्धत पडली. हे मी आत्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "सहा कशाला लागतात? त्या दलालाचं आजोळ विचारायचं की."

ही विद्या तिने कुठे घेतली? तासगावला आमच्या जुन्या घरी तिच्या लहानपणी हेळवी यायचा. बैलावर बसून येणारा, घराण्याची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवणारा आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जाणारा. बाकीची पोरं बैलाकडे बघायची. आत्या वंशावळ ऐकायची. तिसऱ्या वर्षी हेळवी एक पिढी गाळून पुढे गेला, तेव्हा दहा वर्षांच्या आत्याने त्याला ओट्यावरून टोकला, असं आमच्याकडे अजून सांगतात. पुढे प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्यावर तर हजेरीपटच हाती आला. एकाच बाकावर तिने बाप, मग त्याचा मुलगा आणि शेवटी नातू बसवला, आणि तिघांनाही तेराच्या पाढ्यावर मार दिला.

या सगळ्याचा ऐवज एका लाल कापडी बांधणीच्या वहीत आहे. ती वही आत्याच्या पिशवीत पासपोर्टच्या आधी जाते. नाशिकला आजोबांचं करायला गेलो होतो, तेव्हा तीर्थोपाध्यायांनी त्यांची जुनी नामावळी काढली, बोट ठेवून नावं वाचली, आणि आत्या म्हणाली, "गुरुजी, हे दोघं भाऊ नव्हेत, चुलता-पुतण्या." तिने लाल वही उघडली. गुरुजींनी चष्मा पुसला. नाशिकच्या नामावळीत दुरुस्ती करून आलेली आमच्या माहितीतली ही एकटीच बाई.

*

अशा बाईला मी बॉस्टनजवळच्या आमच्या गावात तीन महिन्यांसाठी आणली. वय चौऱ्याहत्तर, गुडघे एक बरा आणि एक तसाच. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात ती खिडकीपाशी बसायला लागली. जेवण कमी झालं. बायको म्हणाली, "हवा मानवत नसेल." हवा चांगली मानवली होती. नातं लावायला कुणी नव्हतं.

किराणा दुकानाचा मालक बडोद्याचा निघाला, तेवढा एक आधार. बडोद्यात आमच्या कुणाची तरी लेक दिलेली होती, त्यामुळे कोथिंबीर फुकट यायला लागली. शेजारचे म्हातारे आयरिश वळणाचे. त्यांच्या आडनावाच्या सुरुवातीला 'ओ'. आत्याने माझ्यामार्फत विचारलं, हा ओ कुणाचा? ते खुश होऊन म्हणाले, आयरिश भाषेत याचा अर्थ नातू, वंशज. अमक्याचा नातू, तेच आडनाव. आत्याचे डोळे लकाकले. "म्हणजे आपल्या पुण्याच्या नातूंसारखेच की हे!" पण पुढे गाडी सरकेना. आजोबांच्या आधीचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "नुसता नातू म्हणून काय करायचं? आजा कोण ते नको?"

अशात माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने देवमासे बघायला जायचं काढलं. बॉस्टनच्या लाँग वॉर्फ धक्क्यावरून बोटी सुटतात, जाऊन-येऊन साडेतीन-चार तासांचा मामला. आत्याला विचारलं. ती म्हणाली, "मासा बघून काय करू? त्याला काय विचारायचं?" पण नाव ऐकून तयार झाली. देवमासा म्हटल्यावर देव आला, आणि देव म्हटल्यावर दर्शन चुकवणं बरं नव्हे.

धक्क्यावर रांग होतीच. तिकीट, पट्टी, पुढे सरका, पिशव्या तपासा. आत्याला सगळं ओळखीचं वाटलं. "आणि दर्शन नाही झालं तर?" तिने विचारलं. मी सांगितलं, एकही देवमासा दिसला नाही तर पुन्हा यायचं तिकीट फुकट देतात. आत्या थांबली. "हे आपल्याकडे सुरू करायला पाहिजे," ती म्हणाली. कुठे ते तिने सांगितलं नाही.

जुलै होता, पण समुद्रावर वारा थंड. आत्याने स्वेटर, त्यावर शाल आणि त्यावर कानटोपी चढवली, आणि पिशवीतून आलेपाकाचा डबा काढला. बोटीवरच्या खलाशाने आदल्याच मिनिटाला ध्वनिक्षेपकावरून सांगितलं होतं की पोटात ढवळलं तर आल्याची गोळी चघळा. आत्याने त्याच्या हातावर तासगावचा आलेपाक ठेवला. त्याने तो खाल्ला आणि हात पुढे केला. पहिलं नातं धक्का सुटायच्या आत लागलं होतं.

*

तास-सव्वातास काहीच नाही. बॉस्टनच्या इमारती बुटक्या होत होत पाण्यात गेल्या. आम्ही स्टेलवॅगन बँकेकडे निघालो होतो. मॅसॅच्युसेट्सच्या उपसागराच्या तोंडाशी, केप अ‍ॅन आणि केप कॉड या दोन भूशिरांच्या मध्ये पाण्याखाली एक पठार आहे, त्याचं हे नाव. प्रवाह त्या पठाराच्या कडेला धडकतात, खालचं कसदार पाणी वर येतं, त्यावर बारीक जीव वाढतात, त्यांच्यावर सँड लान्स नावाचे करंगळीएवढे जाड मासे, आणि त्यांच्यावर चाळीस-पंचेचाळीस फुटी देवमासे. १९९२ साली हा भाग राखीव सागरी अभयारण्य झाला. हे सगळं मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "बाजाराचं गाव म्हण की."

माझ्या मुलीने घड्याळाची पद्धत समजावली. बोटीचं नाक म्हणजे बारा, शेपूट म्हणजे सहा. देवमासा दिसला की बोटीवरचे लोक 'तीन वाजता', 'नऊ वाजता' असं ओरडतात. आत्याने मान डोलावली, मग मला म्हणाली, "सरळ 'विहिरीच्या अंगाला' असं सांगता येत नाही यांना?"

मग ध्वनिक्षेपकावर एक मुलगी बोलायला लागली. बोटीवर एक निसर्ग-अभ्यासक असतो. ही असेल पंचविशीची, गळ्यात दुर्बीण, नाकावर ऊन. समुद्र रिकामा होता, म्हणून वेळ काढायला ती सांगत होती. माझं निम्मं लक्ष. आत्याचं मुळीच नाही. ती पाण्याकडे तोंड करून जप करत होती.

"...आमच्या भागातली सगळ्यांत प्रसिद्ध हंपबॅक मादी म्हणजे सॉल्ट. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून आम्ही तिला ओळखतो. पाठीवरच्या पराला मीठ फुटल्यासारखा पांढरा रंग आहे, म्हणून सॉल्ट."

"सॉल्ट म्हणजे मीठ," मी सवयीने भाषांतर केलं. "एका मादीचं नाव."

"...१९८० मध्ये तिचं पहिलं पिल्लू आम्हाला दिसलं. आता ती आजी आहे."

"आणि ती आजी आहे," मी म्हणालो.

जप थांबला. आत्या अख्खी वळली, खुर्चीसकट वळल्यासारखी. "कुणाची?"

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात कधी बोललो नाही इतकं दोन्ही भाषांत बोललो. आत्याने त्या मुलीला हाताने बोलावून घेतलं. ती आली, कारण आलेपाकाची कीर्ती तोवर वरच्या डेकपर्यंत पोचली होती.

"लेकरं किती?"

डझनाच्या वर.

"नावं?"

मुलीने बोटं मोडली. पहिलं क्रिस्टल. मग ब्राईन, म्हणजे खारं पाणी. साल्सा. टबॅस्को. वसाबी. मोस्ताझा, हा स्पॅनिश शब्द, अर्थ मोहरी.

"आई मीठ आणि लेकरू मोहरी!" आत्याने टाळी वाजवली. "दृष्ट काढायला घरचंच सामान!" मग गंभीर होऊन, "हिला सांग, नावं चांगली ठेवलीत. ओळीनं लक्षात राहतात. आमच्याकडे मिसळणाचा डबा झाला असता."

मग बारशाची चौकशी झाली. नाव कोण ठेवतं, कशावरून ठेवतं? देवमाशांवर नजर ठेवणारी मंडळी ठेवतात, मुलीने सांगितलं. शेपटीच्या खालच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या खुणा असतात, प्रत्येकीच्या निराळ्या, आपल्या बोटांच्या ठशांसारख्या. त्या खुणेत काय दिसतं त्यावरून नाव. मुलगा की मुलगी हे बोटीवरून बहुतेक कळत नाही, म्हणून नाव दोघांनाही चालेल असं. केप कॉडच्या टोकाला प्रॉव्हिन्सटाऊन नावाचं गाव आहे, तिथल्या सेंटर फॉर कोस्टल स्टडीज या १९७६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत या सगळ्यांची नोंदवही आहे. शेपटीचा फोटो, नाव, आई कोण, पिल्लं कुठली.

आत्याने पिशवीवर हात ठेवला. आत लाल वही होती. तिच्या चेहऱ्यावर, परमुलखात अचानक आपल्या पेशाचा माणूस भेटल्यावर येतो तो भाव आला. "म्हणजे ही हेळवी आहे," ती मला म्हणाली. "बैलाऐवजी बोट."

मी त्या मुलीला हेळवी म्हणजे काय ते सांगितलं. तिला फार आवडलं. तिने ते कागदावर लिहून घेतलं.

"आणि पोरगी लग्न होऊन गेली की नाव बदलतं का?"

लग्न नाही, नाव बदलत नाही, मी म्हणालो. एकदा ठेवलं ते शेवटपर्यंत.

"तरीच पत्ता लागतो," आत्या म्हणाली. त्या वेळी मला वाटलं, ही मजेत बोलली.

"बाप कोण?"

इथे मुलगी जरा अडखळली. नर येतो आणि जातो. पिल्लू वाढवण्यात त्याचा वाटा नाही. बाप कोण हे बघून सांगता येत नाही, त्यासाठी कातडीचा तुकडा घेऊन तपासावा लागतो. म्हणून नोंद असते ती आईची. आईची आई, आईची लेक, लेकीची लेक.

"मूळपुरुषच नाही?"

"मूळबाई आहे," मी म्हणालो.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, बोट लागली. पण ती पुढचा हिशोब जुळवत होती. हिवाळ्यात कुठे जातात? दक्षिणेला, कॅरिबियन समुद्रात. पिल्लं तिकडच्या उबदार पाण्यात होतात. "बाळंतपणाला माहेरी, बरोबर आहे." पण तिकडे त्यांना खायला जवळजवळ काही मिळत नाही. महिनोन्महिने उपास, आणि वर पिल्लाला दूध पाजायचं. हे ऐकून आत्या उखडली. "बाळंतिणीला उपाशी ठेवणारं हे कसलं माहेर? डिंकाचा लाडू राहू दे, साधी मेथीची भाजी नाही?" निकाल तिनेच दिला. खायला घालतं ते माहेर. म्हणजे माहेर इथे, या पठारावर, आणि तिकडे नुसतं इस्पितळ.

मुलगी हसली आणि म्हणाली, एका अर्थी ते खरंच आहे. आई पहिल्या वर्षी पिल्लाला घेऊन दीडेक हजार मैल पोहत इथे येते. साधारण वर्षभराने पिल्लू सुटं होतं. त्याला परत कुणी वाट दाखवत नाही. पण ते आईने दाखवलेल्या जागीच दर उन्हाळ्यात येतं, जन्मभर.

*

अंगात वारं संचारल्यासारखी आत्या आता शेजारच्या बाकाकडे वळली. तिथे एक पांढऱ्या केसांच्या बाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. तीन प्रश्न गेले, माझ्या तोंडून, त्यांच्या भाषेत. गाव न्यू बेडफर्ड. आणि आजोळ? बाई खुलल्या. आईचे आजोबा न्यू बेडफर्डच्या देवमाशांच्या शिकारी जहाजावर होते. एकोणिसाव्या शतकात ते बंदर या धंद्याची राजधानी होतं. देवमाशाच्या चरबीच्या तेलावर दिवे जळायचे. हर्मन मेलव्हिल तिथूनच शिकारी जहाजावर गेला, आणि १८५१ मध्ये 'मोबी डिक' ही त्याची कादंबरी आली. हे सगळं बाईंनी अभिमानाने आणि थोडं ओशाळून सांगितलं. धंद्यासाठी शिकार करण्यावरची जागतिक बंदी १९८६ पासून आली, तीही सांगितली.

आत्याने ऐकून घेतलं. "म्हणजे हिच्या पणजोबांनी यांचे पणजोबा मारले," ती म्हणाली, "आणि ही नातवाला घेऊन यांची नातवंडं बघायला आलीय." मग आमच्या गावातल्या बांधावरच्या चार पिढ्यांच्या वैराला शोभेल असा उसासा टाकला. "भावकीच ही. सांगू नकोस तिला. आलेपाक दे."

आलेपाक पोचतो न पोचतो तोच ध्वनिक्षेपक ओरडला. दोन वाजता! आत्याने मनगटाकडे पाहिलं नाही. सरळ उजवीकडच्या कठड्यापाशी गेली, बऱ्या गुडघ्यावर.

पाण्यातून वाफेचा फवारा आला. फुस्स असा आवाज, टायरमधली हवा सोडावी तसा, पण घराएवढ्या टायरमधली. मग एक काळी पाठ वर आली आणि येतच राहिली, संपेच ना. तिच्या कुशीला लागून दुसरा फवारा, छोटा, घाईघाईचा. पिल्लू. आई संथपणे श्वास घ्यायची. पिल्लू शाळेला उशीर झाल्यासारखं. वारा आमच्याकडे वळला आणि सबंध बोटीवर कुजलेल्या माशांचा वास पसरला. कुणीतरी ईऽऽ केलं. "असू दे," आत्या म्हणाली, "लेकुरवाळीला तोंड धुवायला कुठला वेळ?"

इंजिन बंद होतं. शंभर-दीडशे माणसं गप्प होती, फोन वर धरून. आत्याचे हात मात्र जोडलेले. पिल्लू आईच्या पाठीवरून घसरलं, पुन्हा चढलं. आईने पाठीची कमान केली, आणि मग ती शेपूट वर आली. आपल्याकडच्या दुपाखी छपराएवढी रुंद, कडेने पाणी गळत असलेली, खालून पांढरी, डावीकडे एक काळा ठिपका आणि त्याला जोडून रेघ. क्षणभर उभी राहिली. मग आवाज न करता पाण्यात गेली.

टाळ्या झाल्या. आत्याने वाजवल्या नाहीत. ती त्या मुलीकडे बघत होती. "कोण ही?"

मुलगी फोटोंची चळत चाळत होती. एकदा चाळली, दुसऱ्यांदा चाळली. कॅमेऱ्यातला फोटो मोठा करून पाहिला. मग मान हलवली. लगेच सांगता येत नाही. किनाऱ्यावर गेल्यावर मोठ्या नोंदवहीशी ताडून बघावं लागेल.

"कुणाची कोण ते कळल्याशिवाय परत जायचं?" आत्या अस्वस्थ झाली. "मघाच्या मिठाच्या घरातली आहे का विचार. नात? नाहीतर नातीची जाऊ?" देवमाशांना जाऊ नसते हे मी सांगितलं नाही, कारण इंग्रजीतही ती नसते, आणि मला आधी तीच समजावून सांगावी लागली असती.

मुलगी खरोखर खट्टू झाली होती. आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सुरुवातीला असं होतं," ती म्हणाली. "हिला सांग, वही मोठीच जवळ ठेवत जा म्हणावं. घरी ठेवून चालत नाही." मी सांगितलं. मुलगी म्हणाली, हेच तिचे वरिष्ठही सांगतात.

*

रात्री जेवणं झाल्यावर आत्याने लाल वही टेबलावर घेतली. मला वाटलं, आजची नोंद करणार. पण ती नुसती पानं उलटत होती. पहिल्या पानावर मूळपुरुष. त्याचे तीन मुलगे, त्यांचे मुलगे. अकरा पिढ्या, फांद्या फुटत फुटत, मास्तरीणबाईंच्या सुवाच्य अक्षरात. बायकांची नावं 'पत्नी' या शब्दापुढे. त्यांतल्या चार लक्ष्मीबाई, तीन सरस्वतीबाई. सासरी आल्यावर ठेवलेली नावं. आधीचं नाव काय होतं, कुठून आल्या, काही नाही. आणि माझ्या आजोबांच्या नावाखाली, बाबांच्या नावाशेजारी, आत्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ: कन्या, विवाहित. पुढे फांदी नाही. आत्याला लेक आहे, इचलकरंजीला. तिला लेक आहे. त्या कुठल्या तरी दुसऱ्या घराण्याच्या वहीत असतील. किंवा तिथेही 'कन्या, विवाहित' असतील.

"माझ्या आजीची आई कोण रे?" आत्याने विचारलं. मला नाही, वहीलाच.

रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा. आत्याने फोन लावायला सुरुवात केली. धाकट्या भावाला ठाऊक नव्हतं. इस्लामपूरच्या मावसबहिणीला ठाऊक नव्हतं, तिने उलट विचारलं, "तुला माहीत नाही तर मग कुणाला असणार?" कवठेमहांकाळच्या नव्वदीतल्या मामींना फोन द्यायला पाच मिनिटं गेली, ऐकू जायला आणखी पाच. नाव? नाव नाही बाई आठवत. सगळी म्हातारीच म्हणायची. पण तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. पाट्यावर वाटायला बसली की ते हलायचं. आम्ही पोरं वृंदावन हलतं ते बघत बसायचो.

आत्याने फोन ठेवला. जी बाई कार्यालयाच्या दारात बसून पाचशे माणसं ओळखते, तिला स्वतःच्या आईची आजी ओळखता आली नव्हती. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच पाणी आणायला उठलो. परत आलो तेव्हा तिने वही उलटी केली होती. मागच्या पानापासून, कोऱ्या बाजूने. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: तुळस. शेजारी पेनने काढलेलं छोटं वृंदावन. त्याखाली आजीचं माहेरचं नाव, त्याखाली आईचं. मग स्वतःचं; तेही लग्नाआधीचं, जे मी बाबांच्या तोंडून फक्त एकदोनदा ऐकलं होतं. त्याखाली लेक. त्याखाली नात.

"असंच करतात ना ते?" ती म्हणाली. "खुणेवरून?"

"असंच."

माझी मुलगी खुर्चीवर चढून बघत होती. "आत्याआजी, मी कुठे आहे?"

"तू या पानावर नाहीस," आत्या म्हणाली. "तू तुझ्या आईच्या पानावर." मग स्वयंपाकघरात आवरत असलेल्या माझ्या बायकोकडे पाहून, "अगं, तुझ्या आजीच्या आईचं नाव काय?"

बायकोने ओले हात तसेच धरून विचार केला. बराच वेळ केला. मग हात पुसले, फोन घेतला आणि नागपूरला लावला. "आई, उठवलं का गं? नाही नाही, सगळं ठीक आहे... एक विचारायचं होतं..."

आत्याने एक कोरं पान उघडून पेनचं टोपण काढून ठेवलं.

"नाव आठवत नसेल," ती हळूच म्हणाली, "तर खूण विचार म्हणावं."